टिटवी बंदराला लागेपर्यंत

"जहाजानं रस्ता बदललाय," मिसेस गोवेंदर म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "वादळ मध्येच येऊन बसलंय. कॅप्टन आता मादागास्करला बाहेरून वळसा घालतोय. डर्बनला कधी लागेल, ते आज मला सांगता येणार नाही."

पडद्यावर निळा समुद्र होता आणि त्यात एक हिरवा ठिपका. तो ठिपका म्हणजे 'ॲना सोफिया' हे मालवाहू जहाज. त्याच्या डेकवर, लोखंडी पाळण्यात बांधलेली, ताडपत्रीत गुंडाळलेली एक पांढरी शिडाची यॉट होती. तिचं नाव 'टिटवी'.

"डेकवरच्या मालाचं काय होतं अशा वेळी?" मी विचारलं.

"घट्ट बांधलेला असतो गं. पण समुद्राचं कोणी सांगावं?" बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्या जहाज कंपनीच्या एजंटकडे वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांचे आजोबा मद्रासकडून इथल्या उसाच्या मळ्यात आले होते, पण बाईंनी स्वतः भारत कधी पाहिला नव्हता. म्हणून की काय, माझ्यावर त्यांचा पहिल्या दिवसापासून जीव जडला होता. "तुझी बोट आहे का ती?"

"हो," मी म्हणाले.

टिटवी माझी नव्हती. पण तिची वाट माझ्याइतकी जगात कोणी पाहत नसेल.

मी तेव्हा पस्तिशीची होते. मुंबईत बॅलार्ड पिअरला, माल परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. कामाच्या ओघात एका सकाळी माझ्या टेबलावर बुकिंग आलं. एक यॉट, मुंबई ते डर्बन, पाठवणार उदयन विजयकर. त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी रजेचा अर्ज दिला. आईला फोनवर एवढंच सांगितलं, की ऑफिसच्या कामाला आफ्रिकेत जातेय. आई अलिबागला एकटी राहायची. तिनं नेहमीसारखं "जपून" म्हटलं आणि फोन ठेवला. माझा धाकटा भाऊ निनाद गेल्यापासून ती तेवढंच बोलायची.

डर्बनला उतरल्यावर मी आधी टिटवीच्या नव्या मालकाला गाठलं. ब्रायन केलर हा साठी उलटलेला, उन्हानं लाल झालेला, निवृत्त दंतवैद्य. बंदरातल्या यॉट क्लबच्या ओट्यावर बसून तो दोरखंडाला गाठी मारत होता. मी माझं नाव सांगितलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

"दोन वर्षांपूर्वी त्या बोटीवरून माझा भाऊ समुद्रात पडला. मुंबई-गोवा शर्यत होती. बोटीवर दोघंच, विजयकर आणि निनाद. निनाद परत मिळाला नाही. त्याचं शरीरही नाही. विजयकरांनी चौकशीत सांगितलं, की मुलानं सुरक्षेचा पट्टा अडकवलाच नव्हता, मी ओरडत होतो तरी ऐकलं नाही."

"आणि तुला ते पटत नाही," केलर म्हणाला.

"त्याला शीड धरायला मी शिकवलंय. पट्टा अडकवल्याशिवाय तो मांडव्याच्या खाडीतही उभा राहायचा नाही. मित्र हसायचे त्याला. शर्यतीच्या सकाळी त्याचा फोन आला होता मला. म्हणाला, ताई, डाव्या बाजूची, पट्टा अडकवायची डेकवरची कडी हलतेय. सरांना सांगितलं, तर सर म्हणतात शर्यत झाल्यावर बघू."

केलरच्या हातातली गाठ तशीच राहिली. "हे चौकशीत सांगितलंस?"

"सांगितलं. समितीत विजयकरांचे मित्र होते. बोट बघायला गेले तेव्हा कडी जागच्या जागी होती. भक्कम. माझी समजूत घालून त्यांनी मला घरी पाठवलं. पण टिटवी गोव्याला बाकीच्यांच्या मागून एक अख्खा दिवस उशिरा पोचली होती. शोधत होतो, असं विजयकर म्हणाले. शोधत होते की कुठल्यातरी खाडीत शिरून नवी कडी बसवत होते, ते त्या बोटीच्या पोटात लिहिलेलं असणार. आतलं लाकडी अस्तर काढलं की दिसेल. मला त्यांनी एकदाही बोटीवर पाय ठेवू दिला नाही. आता ती तुमच्याकडे येतेय."

त्यानं दोरखंड बाजूला ठेवला. मग म्हणाला, "हे बघ, पोरी. बोट माझी झालीय. तिच्या पोटात काय आहे ते बघायचा मला हक्क आहे. बोटी तपासणारा माझा सर्वेअर अस्तर काढेल. पण आत काही निघालं नाही, तर माझ्यासमोर त्या माणसाची माफी मागायची. चालेल?"

"चालेल."

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं.

सकाळी उठायचं, एजंटच्या ऑफिसात जायचं, तो हिरवा ठिपका बघायचा. दुपारी बंदराच्या तोंडाशी धक्क्यावर जाऊन बसायचं. तिथे गळ टाकून बसलेली माणसं असत. फेब्रुवारीची दमट हवा अंगाला चिकटायची. साखरेच्या गोदामांचा गोडसर वास यायचा. जहाजं आत येत, बाहेर जात. प्रत्येक मोठ्या जहाजाच्या डेकवर मी पांढरं काही दिसतंय का ते शोधायची. ज्या बोटीनं माझा भाऊ खाल्ला, ती सुखरूप यावी म्हणून मी देवाला हात जोडत होते. तिला ओरखडाही पडू नये. तिची प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा मला जसाच्या तसा हवा होता. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे मला उदयन विजयकरांचा चेहरा हवा होता, अस्तर निघेल त्या क्षणाचा. तो चेहरा मी इतक्या वेळा मनात रंगवला होता, की माझ्या भावाचा चेहरा कधीकधी आठवायला वेळ लागायचा.

एका सकाळी ऑफिसचं दार ढकललं, तर विजयकर समोर बसलेले.

पांढरा शर्ट, करडे केस नीट मागे फिरवलेले, हातात चहाचा कप. बोट नव्या मालकाच्या ताब्यात द्यायला ते स्वतः आले होते. मला बघून त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी अदबीनं उठून उभे राहिले.

"चारू! तू इथे कशी?"

"टिटवी बघायला आलेय, सर."

"इतक्या लांब?" त्यांनी मिसेस गोवेंदरकडे बघून हसायचा प्रयत्न केला. बाईंना आमचं मराठी कळत नव्हतं. "अगं, मुंबईत होती तेव्हाच यायचंस."

"तीनदा आले होते. तुमच्या वॉचमननं फाटकातूनच परत पाठवलं."

ते खाली बसले. आवाज मऊ केला. हा आवाज मी चौकशीतही ऐकला होता. "चारू, मला निनाद मुलासारखा होता. ती बोट मला डोळ्यांसमोर नको झालीय, म्हणून विकली. तूही सोडून दे आता. किती दिवस हे उराशी धरून बसणार?"

"बोट येईपर्यंत," मी म्हणाले.

त्यानंतर आम्ही दोघंही रोज तिथेच. एका बाकाच्या दोन टोकांना. मिसेस गोवेंदरना वाटायचं, आम्ही एकाच घरची माणसं. त्या आम्हा दोघांनाही चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, काळजी करू नका, येईल. विजयकर मान हलवायचे. ते वर्तमानपत्र उघडून बसत, पण पान उलटत नसत.

मग ठिपकाच दिसेनासा झाला. एक दिवस गेला, दुसराही. वादळ मादागास्करच्या पूर्वेला वळलं होतं, नेमकं जहाज गेलं त्या बाजूला. मी त्या दिवसांत काय खाल्लं, कुठे झोपले, मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मी धक्क्यावर उभी राहून समुद्राला शिव्या दिल्या होत्या. एकदा घेतलंस ते पुरे नाही का, आता साक्षीदारही गिळतोस?

तिसऱ्या सकाळी जहाजाचा संदेश आला. मिसेस गोवेंदरनी तो मोठ्यानं वाचला. जहाज ठीक आहे, माणसं ठीक आहेत. पण डेकवरचा माल सरकलाय आणि त्यातला काही समुद्रात गेलाय.

"कुठला माल?" मी ओरडले.

"ते लिहिलेलं नाही गं."

मी विजयकरांकडे वळले. आणि मला ते दिसलं. त्यांचे खांदे खाली आले होते, कपाळ मोकळं झालं होतं. बऱ्याच दिवसांचं डोकं दुखणं थांबल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. ज्याची लाडकी बोट बुडाली असावी, अशा माणसाचा चेहरा नव्हता तो. क्षणभरच. मग त्यांनी घाईनं चेहऱ्यावर दुःख चढवलं. पण मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलंय हे त्यांना कळलं होतं.

तोवर माझ्या मनात कुठेतरी एक कोपरा शंकेला राखून ठेवलेला होता. मुलगा तरुण होता, एखाद वेळी विसरलाही असेल, असं आई एकदा म्हणाली होती. तो कोपरा त्या सकाळी बंद झाला.

"सर," मी त्यांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "ती गेली असली, तरी मी तुम्हाला सोडणार नाही."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि निघून गेले.

'ॲना सोफिया' आली ती एका स्वच्छ दुपारी. मी धक्क्याच्या टोकाला होते. आधी क्षितिजावर डाग, मग आकार, मग गंजलेला निळा रंग. पुढच्या डेकवर कंटेनर वाकडेतिकडे झाले होते, एक तर खेळण्यासारखा चेपला होता. मी डोळ्यांवर हात धरून मागे मागे बघत गेले. आणि मागच्या बाजूला, कॅप्टनच्या उंच केबिनच्या सावलीत, फाटक्या ताडपत्रीतून पांढरं काही चमकलं. माझ्या शेजारच्या गळवाल्यानं विचारलं, बाई, रडता का? मी म्हटलं, माझी माणसं आलीत.

क्रेननं तिला उतरवलं तेव्हा विजयकर लांब उभे होते, गोदामाच्या भिंतीला टेकून. टिटवीचा कठडा वाकला होता, एका बाजूला रंग खरवडला होता. बाकी ती धड होती. केलरनं तिच्या अंगावरून हात फिरवला. त्याचा सर्वेअर, पिटर्सन नावाचा अबोल माणूस, हत्यारांची पेटी घेऊन शिडी चढला.

"डाव्या बाजूचं अस्तर काढायचंय," केलर म्हणाला.

विजयकर पुढे आले. "मिस्टर केलर, ते सागवान आहे. हातानं घडवलेलं. कशाला फोडता? मी तुम्हाला लेखी देतो, बोट निर्दोष आहे."

"निर्दोष असेल तर मी पुन्हा बसवून घेईन. चला ना, तुम्हीही आत चला."

केबिनमध्ये आम्ही चौघं दाटीनं उभे होतो. मी पहिल्यांदाच टिटवीच्या आत आले होते. निनाद या बाकावर झोपला असेल, इथे त्यानं चहा उकळला असेल. पिटर्सननं एकेक स्क्रू काढला. पट्टी सुटली, दुसरी सुटली. मग त्यानं टॉर्च वर धरला आणि शीळ घातली.

डेकच्या खालच्या अंगाला, कडीच्या बरोबर खाली, ताटाएवढा भाग निराळ्या रंगाचा होता. घाईनं थापलेलं राळेचं ठिगळ, त्यावर लोखंडाची जाड पट्टी. आणि ठिगळाच्या कडेनं चहूबाजूंनी जुन्या भेगा पसरल्या होत्या, काचेवर दगड बसल्यासारख्या.

"इथली कडी डेकचा तुकडा घेऊन उपटली गेलीय," पिटर्सन म्हणाला. "मोठा झटका बसला असणार. एका माणसाच्या वजनाचा तरी."

मी विजयकरांकडे बघितलं. इतके दिवस रंगवलेला तो चेहरा आता माझ्यासमोर होता. तो म्हातारा दिसत होता. बस्स, एवढंच. मला वाटलं होतं, त्यापेक्षा ते फारच थोडं होतं. माझी भूक भागली नाही.

केलर आणि पिटर्सन वर गेले. मी म्हटलं, "बसा."

ते निनादच्या बाकावर बसले.

"पट्टा अडकवलेला होता."

त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"काय म्हणाला तो?"

"कधी?"

"कडी निघाली तेव्हा. काहीतरी म्हणाला असेल."

विजयकरांनी हाताच्या तळव्यांकडे बघितलं. "'सर, कडी निघाली.' एवढंच म्हणाला. ओरडला नाही. सांगितलं मला, जसं काही... दुरुस्तीचं काम सांगावं तसं. मग लाट आली."

"आणि तुम्ही वळलात?"

"वारा मागून होता, चारू. मोठं शीड लावलेलं. ते उतरवून वळायचं म्हणजे..." ते थांबले. "आम्ही पुढे होतो. सगळ्यांच्या पुढे."

"किती वेळानं वळलात?"

ते रडायला लागले. काय हवंय ते सांग, म्हणाले. पोलिसांकडे जाणार असशील तर जा.

मी तेच ठरवून आले होते. पोलीस, वर्तमानपत्रं, मुंबईच्या यॉट क्लबच्या भिंतीवरच्या त्यांच्या तसबिरी खाली. पण त्या केबिनमध्ये उभं राहून मला पुढचं सगळं दिसलं. वकील येतील. मित्र येतील. तारखा पडतील. आणि या सगळ्यात विजयकरांना फक्त गप्प बसावं लागेल. गप्प बसणं त्यांना जमतं, हे मी पाहिलं होतं.

"तुम्ही अलिबागला यायचं," मी म्हणाले. "हे सगळं आईला सांगायचं. तुमच्या तोंडानं. नाही आलात, तर बाकीचं मी करतेच."

'सर' म्हणायचं मी विसरले होते. पुन्हा कधी म्हटलं नाही.

केलरनं ते ठिगळ कापून काढलं आणि कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "माफी मी मागतो," तो म्हणाला. "तुझ्यावर शंका घेतली म्हणून."

आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी ताठ बसायची सवय गेली नव्हती. विजयकर आले तेव्हा ती ओसरीवर खुर्चीत बसली होती. मी तिला आधी काही सांगितलं नव्हतं, फक्त तो कापलेला तुकडा तिच्या समोरच्या टेबलावर ठेवला होता. विजयकर उभ्याउभ्याच बोलले. खाली मान घालून, तुटक तुटक. निनादनं कडीबद्दल सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही. कडी निघाली. तो मागे राहिला. मी चौकशीत खोटं बोललो.

मला वाटलं, आई ओरडेल, कोसळेल. मी तिच्या मागे उभी होते. तिनं पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विजयकरांकडे असं पाहिलं, जसं ती वर्गात धडा न येणाऱ्या मुलाकडे बघायची.

"'तो मागे राहिला' नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्याला मागे सोडलंत. पुन्हा सांगा."

विजयकरांनी वर पाहिलं.

"पहिल्यापासून. आणि मोठ्यानं."

त्यांनी पुन्हा सांगितलं. 'सोडलं' या शब्दापाशी आवाज फुटला. आई थांबली, त्यांना सावरू दिलं, आणि म्हणाली, "वळायला किती वेळ लावलात, ते गाळलंत. पुन्हा."

दिवे लागायच्या वेळेपर्यंत ते सांगत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की जे मला डर्बनच्या धक्क्यावर हवं होतं ते नेमकं हेच होतं, आणि ते फक्त आईला मागता आलं. शेवटी तिनं त्यांना पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी याच तारखेला या. काही विसरायचं नाही."

"बाई, मी..."

"चारू तो तुकडा जपून ठेवेल."

ते आले. दरवर्षी मांडव्याला लाँचनं उतरून, तिथून रिक्षानं. बोटी त्यांनी सोडून दिल्या होत्या. एका वर्षी ताप होता, तरी आले. एका वर्षी त्यांची पत्नी सोबत आली आणि अंगणात, फाटकाजवळ उभी राहून तिनं ते सगळं पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या वर्षी ते एकटेच आले. तेव्हाही आईनं एक वाक्य दुरुस्त केलंच.

लोक म्हणतात, सूडानं मन शांत होत नाही. आईचं झालं. ती पुन्हा बोलायला लागली, शेजारच्या पोरांना पाढे शिकवायला लागली, निनादचं नाव घेऊन हसायला लागली.

मागच्या वर्षी ती गेली. तारीख जवळ आली तेव्हा विजयकरांचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"चारू, आई गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं." मग म्हणाले, "म्हणून विचारतोय. यंदा आता... यायचं का?"

मी ओसरीवर होते. आईची खुर्ची रिकामी होती. मी ती थोडी उजेडाकडे सरकवली आणि तिच्यात बसले.

"या," मी म्हटलं. "मी आहे ना."